बंड्यांच्या रांगेतली अमेरिका

कारंज्यात कोणालेही विचारा, अमेरिका कुठं राह्यते. तो हसणार नाई. हायवे ओलांडा म्हणन, ताराचंदच्या ढाब्याच्या मागून कच्चा रस्ता धरा, उमरझरीत शिरल्यावर डाव्या हाताचं तिसरं घर. तिथं रूपराव राह्यते. त्यानं अमेरिका पाह्यली नाई, मुंबईही नाई. नागपूर पाह्यलं चार खेपा, त्यातल्या दोन बैल आणाले. शाळा सुटली सहावीत. मास्तरनं छडी उगारली अन् यानं ती मास्तरच्या हातातून घेऊन खिडकीतून बाहेर टाकली, मंग स्वतःही त्याच खिडकीतून बाहेर गेला. परत गेला नाई.

तरी त्याच्या घरात आढ्याले एक जुनी ताडपत्री गुंडाळून बांधलेली आहे, अन् तिच्यावर डांबरानं लिहिलेलं राज्य आहे. होय, राज्य. कोणाले खोटं वाटत असन त्यानं येऊन सोडून पाहावी.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्याची गोष्ट. सरकारनं कापूस स्वतःच घ्याले लागून एकच साल झालं होतं. कारंज्याच्या खरेदी केंद्रावर नऊ गावचा कापूस यायचा. काटा एक, फाटक एक, अन् फाटकापासून हायवेपर्यंत बैलबंड्यांची रांग. दिवसाले वीस-बावीस बंड्या आत जायच्या, बाकीच्यांनी तिथंच राहाचं. चार दिवस, पाच दिवस. बंडीखाली झोपाचं, तीन दगडांवर भाकर टाकाची, बैलाले पाणी पाजाले नंबरानं विहिरीवर न्याचं.

नंबर खडूनं जुवावर लिहिलेला राह्यचा. पण खडू पुसाले काय लागते. नऊ गावच्या एक्क्याण्णव बंड्यांपैकी साठ एकट्या धामणखेडच्या होत्या. बाकी आठ गावं मिळून एकतीस. सकाळी फाटक उघडलं का धामणखेडवाले बैलायच्या खांद्यावर जू ठेवून तयारच. लहान गावची बंडी दिसली का दोघं-तिघं पुढून बैल अडवत, अन् त्यायची बंडी मधात घुसे. कोणी बोंबललं त धामणखेडचे अण्णाजी शांतपणे म्हणत, "भांडता कायले? हात मोजा ना. लोकशाही आहे." हात मोजले का साठ विरुद्ध एकतीस. रोज.

उमरझरीच्या चार बंड्या त्या हंगामात तीन खेपा मागं गेल्या. चिचटोल्याच्या त दोनच बंड्या, त्यात एक जंगूची. जंगू गोंडाचा, रूपरावचा लहानपणापासूनचा दोस्त. बैलायशी आपल्या बोलीत बोले अन् माणसायशी बोलतच नसे. तो तिसऱ्या खेपेले मागं ढकलला गेला त काही न बोलता बैल सोडून सावलीत बसला. रूपरावच्या डोक्यात तेच शिरलं. जंगू भांडला असता त बरं झालं असतं.

दुपारी रूपराव तणतणत ताराचंदच्या ढाब्यावर गेला. ताराचंदनं कागदावर भजे देले. भजे खाता खाता त्याची नजर कागदावर गेली. तेलात भिजलेल्या त्या पानावर मराठीत लिहिलेलं होतं का अमेरिकेत कायदा करणारी सभा दोन घरांची आहे. एका घरात लोकसंख्येच्या हिशेबानं माणसं. दुसऱ्या घरात राज्य लहान असो का मोठं, दोनच माणसं. अन् दोन्ही घरं हो म्हणत नाई तोवर कायदा होत नाई.

रूपरावनं हातातलं भजं खाली ठेवलं.

"ताराचंदभाऊ, हे कोठून आनलं?"

"एका ट्रकवाल्यानं रद्दीचा गठ्ठा टाकला. काऊन, भज्यात काही निघालं काय?"

"यातली बाकीची पानं कुठी आहेत?"

"अर्धी गेली ना बाप्पा गिऱ्हाइकायसंगं. मागच्या पानायवर चिवडा देला सकाळी." ताराचंदनं फळीखाली हात घालून उरलेलं काढलं. "घे. मले कायले पाह्यजे अमेरिका."

पुस्तकाचा पुढचा भाग शाबूत होता, शेवटचा नव्हता. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं याच गोष्टीनं रूपरावले घोळात घेतलं.

दोन दिवस तो बंडीखाली पालथा पडून वाचत होता. त्याची बायको नलू डबा घेऊन आली तरी मान वर नाई. तिसऱ्या दिवशी तो आठ लहान गावायच्या प्रत्येक बंडीपाशी गेला. चौथ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं अन् लहान गावच्या एकतीस बंड्यायनं रस्त्याच्या मधात जू सोडलं. ना कोणी आत जाये, ना बाहेर.

अण्णाजी धोतर सावरत आले. "काय लावलं रे हे?"

"हात मोजत बसा अण्णाजी," रूपराव म्हणाला. "आमी बैल पानी पाजून आनतो."

"अबे, साठ बंड्यायले चार बंड्यावाला अडवते काय?"

"तेच त लिवलं आहे." त्यानं तेलकट पानं काढली. "तुमचं मोठं गाव आहे, कोन नाई म्हनते. एक घर बंड्यायच्या हिशोबानं करू. पाच बंड्यायमागं एक मानूस, पाच नसल्या तरी गावाले एक. तुमचे बारा, आमचे आठ. तिथं तुमीच जास्त. दुसरं घर गावाचं. धामनखेडचे दोन, चिचटोल्याचेही दोन. रांगेचा कोनताही नियम दोन्ही घरायनं मानला तरच नियम."

"अन् अमेरिकेत बंड्या उभ्या राह्यते काय रांगेत?"

"तिथंही लहान-मोठ्याचं हेच भांडन होतं. नाई भागून राह्यलं होतं म्हनूनच त काढलं त्यायनं हे."

अण्णाजी काही मूर्ख नव्हते. त्यायनं मागं पाह्यलं, साठ बंड्या उन्हात उभ्या, बैल शेपट्या हालवत. संध्याकाळपर्यंत बसले, बोलले, दोनदा उठून गेले, दोनदा परत आले. शेवटी म्हणाले, "आमच्या गावात कोनाची बंडी आधी अन् कोनाची मंग, त्यात तुमच्या सभेनं नाक खुपसाचं नाई."

"नाईच खुपसनार. ते तुमचं. पुस्तकातही तसंच आहे. राज्याचं काम राज्याकडे. सगळ्यायचं तेवढंच वर, म्हनजे रस्ता, विहीर अन् गावागावातला नंबर."

मंग झालं ते ताडपत्रीवर लिहिणं. हायवेच्या कामावरून डांबराचा एक डबा आणला अन् रूपरावनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीनं वेड्यावाकड्या अक्षरात सगळं उतरवलं. वरच लिहिलं: हे लिखत सगळ्यायच्या वर. अध्यक्षही याच्या खाली.

लोकायले एक गोष्ट पटकन समजत नव्हती, हुकूम एकाच्या हाती न देता तीन ठिकाणी कायले वाटाचा. रूपरावनं काट्याकडे बोट केलं. "कापूस टाकनारा, वजन करनारा अन् काटा खरा का खोटा पाहनारा, तिन्ही एकच मानूस असन त तुमी कापूस आनान काय इथं? तसंच हे. नियम करनारे वेगळे, चालवनारा अध्यक्ष वेगळा, भांडन तोडनारा वेगळा. अन् तिघायनं एकमेकावर डोळा ठेवाचा."

भांडण तोडाले नत्थूजीले बसवलं. नत्थूजी बैलायले नाल ठोकणारा म्हातारा, हंगामभर रांगेपाशीच त्याचं दुकान. कापूस नाई, गावकी नाई, सगळ्यायच्या बैलाचे खूर त्याच्या मांडीवर येऊन गेलेले. अध्यक्षानं नाव सांगाचं, गावाच्या घरानं हो म्हणाचं, अन् एकदा बसवला का मरेपर्यंत कोणी उठवाचं नाई, म्हणजे त्याले कोणाचं भेव नाई. नत्थूजी म्हणाला, "मरेपर्यंत म्हनता, मंग चहाही मरेपर्यंत तुमचाच." हे मात्र पुस्तकात नव्हतं, पण मंजूर झालं.

अध्यक्षाची निवडणूक झाली तवा खरी गंमत. पुस्तकात होतं, प्रत्येक राज्याची दोन्ही घरं मिळून जेवढी माणसं, तेवढी त्याची मतं. धामणखेडची बारा अन् दोन चौदा. आठ गावायची आठ अन् सोळा चोवीस. चोवीस मतं रूपरावले, चौदा अण्णाजीले. अन् ज्याले दुसऱ्या नंबरची मतं तो उपाध्यक्ष, असं पहिल्या पानायवर लिहिलेलं होतं. पुढं अमेरिकेनं ते बदललं, पण बदललेली पानं चिवड्याखाली गेलती. म्हणून ज्यायच्याविरुद्ध हे सगळं मांडलं, तेच अण्णाजी रूपरावच्या पाठीशी उपाध्यक्ष होऊन बसले.

"साठ बंड्या आमच्या," अण्णाजी तंबाखू मळत म्हणाले, "अन् अध्यक्ष चार बंड्यावाला. मस्त आहे तुयी अमेरिका."

"चार वर्सं आहे अण्णाजी. चार हंगाम. मधात कोनी उठवू शकत नाई. तसंच लिवलं आहे."

तसं लिहिलेलं नव्हतं. उठवाचं कसं, ते पुढच्या पानायवर होतं. पण रूपरावले काय माईत.

तो हंगाम सरळ गेला. खडूचे नंबर पुसले गेले नाई. धामणखेडचे दोन भाऊ आपसात भांडले, कोणाची बंडी आधी म्हणून, अन् रूपरावकडे आले. त्यानं दोघायले हाकललं. "ते धामनखेडचं. अण्णाजीकडे जा." अण्णाजी दूर बसून ऐकत होते. त्या दिवशी त्यायनं रूपरावकडे तंबाखूची डबी सरकवली. चिचटोल्याच्या दोन बंड्या आपल्या नंबरानं आत गेल्या तवा जंगू फाटकातून मागं वळून फक्त हसला. रूपराव त्या हसण्यावर वर्षभर चालला.

मंग आला चौऱ्याहत्तरचा ऑगस्ट. शेतात डवरण, म्हणजे कोळपणी, चालू होतं. सकाळी ताराचंदच्या ढाब्यावर रेडिओ लागलेला, अन् बातमी आली का अमेरिकेच्या अध्यक्षानं राजीनामा देला. सभेनं त्याच्यावर आरोप ठेवाची तयारी केलती, कोर्टानं त्याच्या खोलीतल्या बोलण्याच्या टेपा मागतल्या, त्याले द्या लागल्या, अन् आता उठवतेतच म्हणून तो आधीच उठला.

सगळा ढाबा रूपरावकडे वळला.

"काय बे अमेरिका," एक जण म्हणाला, "चार वर्सं कोनी हालवत नाई म्हनत होता ना?"

"मोठा अध्यक्ष उठला, आमचा लहाना काही उठत नाई," दुसरा म्हणाला.

रूपराव चहा अर्धा टाकून घरी आला. तीन दिवस तीच तेलकट पानं उलटीपालटी करत बसला. आपण लोकायले खोटं सांगतलं, हे त्याले लागलं. मुद्दाम नाई सांगतलं, पण सांगतलं. अन् फायदा कोणाचा झाला, त आपलाच.

चौथ्या दिवशी तो पहिल्या बसनं निघाला, आर्वीले बस बदलून वर्ध्याले पोचला अन् विचारत विचारत एका वाचनालयात गेला. तिथल्या सुलोचनाबाईनं त्याच्या पायाच्या चिखलाकडे पाह्यलं, मंग त्याच्या हातातल्या तेलकट पानाकडे.

"हे काय आहे?"

"बाई, याच्या पुढची पानं पाह्यजे. अध्यक्षाले कसा उठवते ते."

सुलोचनाबाईले हसू आलं, पण त्यायनं कपाटातून पुस्तक काढलं अन् समोर बसून वाचून दाखवलं. लोकायच्या घरानं आरोप ठेवाचा, साध्या बहुमतानं. मंग खटला राज्यायच्या घरात. तिथं एरवी उपाध्यक्ष खुर्चीवर बसते, पण या खटल्यात नाई, कारण अध्यक्ष गेला त जागा त्यालेच भेटते. त्या दिवशी मोठा न्यायाधीश बसते. अन् हजर असलेल्यायपैकी तीनातले दोन म्हणाले दोषी, त अध्यक्ष खाली.

"उपाध्यक्ष निवडायची पद्धत पण पुढं बदलली," बाई म्हणाल्या. "तेही लिहून घ्या."

रूपरावनं विचार केला. "ते राहू द्या बाई. अण्णाजी आतमधी असले म्हनजे रांग सरळ राह्यते."

हंगाम सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी त्यानं ताडपत्री पसरली अन् म्हणाला, माही एक चूक झाली, अध्यक्षाले उठवाचं कलम राह्यलं. लिखत बदलाचं म्हणजे दोन्ही घरात तीनातले दोन, अन् वरून चारातल्या तीन गावायनं हो म्हणाले पाह्यजे, म्हणजे नवातली सात. नवच्या नव गावायनं हो म्हटलं. नलू तिथंच भाकर सोडत होती.

"अवो," ती म्हणाली, "दुसऱ्यानं मागतला नाई तरी आपल्या मानेवर आपनच इळा ठेवता?"

"पान फाटलं म्हनून कायदा फाटत नाई."

"बरं. मान तुमची आहे."

पंच्याहत्तरच्या जानेवारीत इळा पडला.

त्या दिवशी रूपरावचा नंबर बारा होता अन् जंगूचा त्रेसष्ट. सकाळी आठच्या सुमाराले चिचटोल्याहून एक जण सायकल हाणत आला. जंगूची बायको धुरपता पोटुशी होती, दिवस भरलेले. पाय सुजले, डोळ्यापुढं अंधारी येते, नर्सबाई म्हणते आजच्या आज दवाखान्यात आणा. आणाचं कशात? चिचटोल्याच्या दोन्ही बंड्या इथं रांगेत, कापसानं शिगोशीग भरलेल्या. जंगूच्या नंबराले दोन दिवस होते.

जंगू रूपरावपुढं येऊन उभा राह्यला.

रूपरावनं एक क्षण थांबून विचार केला नाई. तो जंगूच्या बैलाचा कासरा धरून निघाला अन् बासष्ट बंड्यायच्या बाजूनं सरळ फाटकापाशी नेऊन उभा केला. पहिल्या तीन बंड्या धामणखेडच्या होत्या.

"मागं घ्या," तो म्हणाला. "अध्यक्ष सांगून राह्यला."

पाच मिनिटात गर्दी झाली. अण्णाजी आले, सगळं ऐकलं, अन् आवाज न चढवता म्हणाले, "नत्थूजीले बलवा."

नत्थूजी हातोडी हातातच घेऊन आला. त्यानं जंगूले विचारलं, रूपरावले विचारलं, पुढच्या तिघायले विचारलं. मंग म्हणाला, "अध्यक्षाले नंबर बदलाचा हक कुठं लिवला आहे, दाखवा." कुठंच नव्हता. "मंग बंडी मागं जाईन. बाईचं मले समजते. पन दुसऱ्याचा नंबर कोनी देऊ शकत नाई. आपला देता येते."

रूपराव काही म्हणाले गेला. त्याच्या आधी अण्णाजी बोलले.

"रूपराव, तुया नंबर बारा आहे. अकरा वाजेपर्यंत लागन. जंगू तुया दोस्त. तुया नंबर काऊन नाई देला त्याले?"

रूपरावचं तोंड उतरलं. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, अन् काऊन आलं नाई हे त्याले त्याच वेळेस कळलं. दोन हंगाम अध्यक्ष म्हणून घेतल्यानं पहिला हात दुसऱ्याच्या नंबरावर गेला, आपल्यावर नाई.

त्यानं कासरा पुन्हा धरला. जंगूची बंडी स्वतः मागं आणली, सगळ्यायच्या डोळ्यापुढं, बाराव्या जागेपर्यंत. तिथून आपली बंडी काढली अन् जंगूची घातली. जुवावरचा खडू पुसला, दोन्ही नंबर बदलून लिहिले, अन् आपले बैल घेऊन त्रेसष्टव्या जागेवर जाऊन उभा राह्यला. अकरा वाजता जंगूची बंडी खाली झाली. दिवस मावळाच्या आत धुरपता दवाखान्यात होती. तिले पोरगी झाली, दोघी धड. जंगू तिकडंच राह्यला.

सगळ्यायले वाटलं, मिटलं. अण्णाजीले वाटलं नाई. दुसऱ्या दिवशी त्यायनं बंड्यायच्या घरात आरोप मांडला: अध्यक्षानं हक नसताना नंबर मोडला. बारा विरुद्ध आठ. आरोप ठेवला गेला, अन् दुपारी लिंबाच्या सावलीत गावायचं घर बसलं.

अठरा माणसं, पण चिचटोल्याच्या दोघातला जंगू दवाखान्यात, म्हणून सतरा. उठवाले बारा पाह्यजे. धामणखेडची फक्त दोन. बाकी पंधरा त रूपरावच्याच जिवावर ज्यायच्या बंड्या वेळेवर आत गेल्या, ती लहान गावं. अण्णाजी उपाध्यक्ष असून दूर एका बंडीच्या धुरीवर बसले, कारण त्या दिवशी खुर्ची त्यायची नाई. खुर्चीवर नत्थूजी.

पारडीचा तानबा उठून म्हणाला, "अरे, बाईचा जीव होता. सोडा ना. आन् याले उतरवला त बसन कोन?" त्यानं अण्णाजीकडे मान केली. "मंग पुन्हा हात मोजत बसा."

खरी गोष्ट तीच होती. रूपराव गेला त राज्य धामणखेडचं. ज्या नंबरासाठी एकतीस बंड्यायनं रस्त्यात जू सोडलं होतं, तो नंबर पुन्हा अण्णाजीच्या हाती.

नत्थूजीनं रूपरावले विचारलं, "काही बोलाचं?"

रूपराव उभा राह्यला. "मी केलं. सभेले विचारलं असतं त दोन्ही घरं दहा मिनटात हो म्हनत होते. हे मले माईत होतं. तरी मी विचारलं नाई. एवढंच." अन् खाली बसला.

मधात घमेलं ठेवलं होतं. ज्याले वाटते दोषी, त्यानं पऱ्हाटीची काडी टाकाची. नाई वाटत, त्यानं हात रिकामा दाखवाचा. एकेक जण सगळ्यायसमोर. धामणखेडच्या दोन पडल्या. मंग एक काडी, एक रिकामा हात. पुन्हा काडी. तानबानं उठून घमेल्याकडे पाह्यलं, रूपरावकडे पाह्यलं, अन् जाग्यावरून मोडून आणलेली काडी आत टाकली. स्वतःवरच रागावल्यासारखा परत येऊन बसला. काड्या वाढत गेल्या. सोळा माणसं झाली तवा घमेल्यात अकरा होत्या.

सतरावी भागीरथाकाकू. उमरझरीची, रूपरावच्या घराच्या पलीकडची. नवरा गेल्यापासून स्वतः औत हाकणारी, स्वतः बंडी घेऊन येणारी. रूपराव लहान असताना त्याले तिनंच बैल धराले शिकवलं होतं.

ती उठली. हातात काडी होती, पण तिनं ती लगेच टाकली नाई.

"काकू, ध्यानात घ्या," तानबा म्हणाला. "तुमची पडली का अण्णाजी बसते."

"मले मोजता येते, तानबा." ती रूपरावकडे वळली. "रूप्या, तू आमचा आहे. म्हनून तुले सोडलं, त उद्या धामनखेडवाल्यानं बंडी घुसवली का मी कोन्या तोंडानं अडवू? तो म्हनन, तुमच्यानं केलं ते चाललं." अन् तिनं काडी घमेल्यात ठेवली. टाकली नाई, ठेवली.

बारा.

नत्थूजीनं मोजून सांगतलं. रूपराव उठला, खिशातून खडूचा तुकडा काढला, तो अध्यक्षाकडं राह्यचा, अन् जाऊन अण्णाजीच्या हातात देला. अण्णाजीनं घेतला. उमरझरीवाले माना खाली घालून आपल्या बंड्यायकडे गेले. चूल पेटवली, पण भाकर कोणाले गेली नाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं. धामणखेडचा मोतीलाल, अण्णाजीचा सख्खा पुतण्या, नंबर ऐंशी, दोन जण संग घेऊन आला अन् रूपरावच्या बैलापुढं उभा राह्यला. आपली बंडी त्यानं त्रेसष्टच्या पुढं रेटली.

"सरक बे," तो म्हणाला. "खुर्ची आता आमची आहे."

रूपराव हालला नाई. भागीरथाकाकू तिच्या बंडीवरून उतरली अन् त्याच्या बाजूले येऊन उभी राह्यली. पारडीचा तानबा आला. कोणी हात उचलला नाई. सगळे फाटकाकडे पाहत होते, कारण तिकडून अण्णाजी येत होते, सावकाश, धोतराचा सोगा हातात धरून.

अण्णाजीनं जुवावरचे दोन्ही नंबर वाचले. मंग मोतीलालच्या बैलाचा कासरा स्वतःच्या हातात घेतला.

"काका," मोतीलाल म्हणाला, "आपन मोठे ना आता?"

"कालपर्यंत ज्याची रांग होती, त्याले आपन उतरवलं. त्याच्याच गावच्या बाईनं उतरवलं. तू कोन लागून गेला?" त्यायनं बैल वळवले अन् बंडी ऐंशीव्या जागेवर नेऊन उभी केली. त्या म्हाताऱ्या माणसानं, सतरा बंड्या मागं, चालत. येता येता पुसट झालेला एकेक नंबर खडूनं पुन्हा गिरवत आले. रूपरावच्या जुवापाशी थांबले, सहाचा अन् तीनचा आकडा ठसठशीत काढला.

"दुपारून लागन तुया," ते म्हणाले. "बैलाले पानी पाजून घे. विहिरीवर तुया आधी दोघं आहेत."

त्याच वेळेस नलू डबा घेऊन पोचली होती. तिले वाटेतच कळलं होतं.

"उतरवलं म्हने तुमाले."

"हो."

"आपल्याच गावानं."

"आपल्याच," रूपराव म्हणाला. छाती अशी काढून म्हणाला, का नलूले वाटलं याले काहीतरी बक्षीस भेटलं.

"मंग हासून काऊन राह्यले?"

त्यानं फाटकापासून हायवेपर्यंत बोट फिरवलं. राह्यलेल्या बंड्या, नऊ गावच्या, एकामागं एक, जुवावर खडूचे ताजे आकडे. मधात चिचटोल्याची दुसरी बंडी, पुढं धामणखेडची, मागं धामणखेडची, अन् तिचा नंबर जिथल्या तिथं.

मंग त्यानं बैल सोडले अन् विहिरीवर नेले. तिथं दोघं आधी होते. तो तिसरा उभा राह्यला.